मोटारीचा पहिला वाटा

आधी एक गोष्ट नीट सांगते, कारण तिच्यावरूनच पुढचं सगळं रामायण झालं. मी औषध बनवत नाही. मी मोटार बनवते. आता ‘बनवते’ म्हणणंही जास्तच झालं. एका विषाणूची आयती मोटार आहे, ती मी खोलून बघते आणि तिच्यात फेरफार करते.

हा विषाणू माणसाला काही करत नाही. तो जगतो मातीतल्या जिवाणूंवर. त्याचं डोकं म्हणजे एक रिकामी कुपी, आणि कुपीच्या तोंडाशी प्रथिनाचं एक कडं. ते कडं, त्याच्याभोवती आरएनएचे तुकडे आणि इंधन जाळणारी प्रथिनं, एवढं मिळून मोटार. ती डीएनएचा लांबलचक दोरा त्या कुपीत कोंबते, आणि अशी कोंबते की आतला दाब सोड्याच्या बाटलीच्या कितीतरी पट होतो. नवी मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ते कडं वेगळं काढतो, त्यात बदल करतो आणि चरबीच्या पातळ पडद्यात बसवायला बघतो. बसलं, की त्याच्या भोकातून एकेक रेणू जातो, तेवढ्यापुरता विजेचा प्रवाह कमी होतो आणि त्यावरून कोण गेलं ते ओळखता येतं. आमच्यातलेच दुसरे काही जण त्या मोटारीने कुपीत आपल्याला हवा तो दोरा भरायच्या मागे आहेत. बस्स, एवढंच. हे सगळं काचेच्या नळीत. माणूस यात कुठेही नाही.

आगरदांड्याजवळ आमचा कोळीवाडा आहे. तिथे हे समजावायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. पण ‘व्हायरस’ म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. माझा भाऊ हितेश होडी चालवतो, तो चारचौघांत विचारायचा, “प्राप्ते, तुज्या मोटारीला डिझेल किती लागतं गो? सबसिडी मिलते काय?” मी चिडायची, की तो आणखी चेकाळायचा. मला पटकन राग येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचा सगळे फायदा घेतात.

तर यंदा पावसाळ्यात आमच्या कामावर एक लेख छापून आला आणि कुठून तरी इकडच्या पेपरवाल्याला कळलं. त्याने फोन केला. “मॅडम, याचा सामान्य माणसाला उपयोग काय?” खरं उत्तर होतं की सध्या काही नाही. पण असं उत्तर दिलं की पलीकडचा गप्प होतो, आणि मला ते गप्प होणं सोसत नाही. मी म्हणाले, पुढेमागे या मोटारीने कुपीत औषध भरून थेट कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवता येईल. ‘पुढेमागे’ हा शब्द पेपरात आला नाही. मीही फोन करून विचारलं नाही. कात्रणाचा फोटो मात्र मी स्वतःच स्टेटसला ठेवला.

होड्या दर्यात जायच्या आधीच्या आठवड्यात समाजमंदिरात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, देवीचा फोटो, सगळं रीतसर. मला म्हणाले, दोन शब्द बोल. समोर अख्खा वाडा बसलेला. लहानपणी ज्या बायका मला ‘काळी काडी’ म्हणायच्या त्या पहिल्या रांगेत. मला चेव आला. होडीच्या पोटात जाळं कसं दाबून दाबून भरतात, तशी माझी मोटार औषध भरते, म्हणाले. आणि ती कुपी बरोबर गाठीशीच जाऊन रिकामी होते. ‘होईल’ नाही म्हणाले. ‘होते’ म्हणाले. टाळ्या पडल्या, आणि मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात केसरआत्या उठली. ही माझ्या बापाची बहीण. विधवा, मूलबाळ नाही, आमच्या शेजारच्याच घरात राहते, सुकी मासळी घेऊन तळा गावच्या बाजारात बसते. आवाज असा की जेट्टीवरून हाक मारली तर खाडीपलीकडच्या दिघीच्या माणसाने ‘ओ’ द्यावी. लहानपणी माझ्या वेण्या तीच घालायची, आणि केस असे ओढायची की डोळे चिनी व्हायचे. ती उभी राहून ओरडली, “ए बाय, मंग पयला वाटा कोनाचा?”

सगळे हसले. मीही हसले. माइक हातातच होता. “तुझाच गं आत्ये! आणखी कोणाचा?”

बाहेरच्या कोणी हे म्हटलं असतं तर ते बोलणं तिथेच विरलं असतं. पण मी कोळ्याची पोर. मला कळायला हवं होतं की आमच्यात हे वाक्य गंमत म्हणून बोलत नाहीत.

आमच्या वाड्यात रीत आहे. नवी होडी बांधायला घेतली की मालक चार माणसांत कोणा एका घराला पहिला वाटा बोलतो. होडीची पहिली मासळी त्या घरी जायची. आणि ती येईपर्यंत त्या घराने दुसऱ्या कोणाची मासळी चुलीवर चढवायची नाही. चढवली तर होडीची बरकत जाते. हितेशने होडी बांधली तेव्हा पहिला वाटा आत्यालाच बोलला होता. मग इंजिन अडकलं, कागद अडकले, होडी काही पाण्यात जाईना. तेवढा सगळा काळ ही बाई तळ्याच्या बाजारात बोंबलाच्या ढिगामागे बसून लोकांना मासळी विकत होती आणि घरी येऊन वरणभात गिळत होती. आम्ही म्हणायचो, अगं, एक सुकट भाजून खा, कोणाला कळणार आहे? ती म्हणायची, “होडीला कळंल.” शेवटी हितेशची पहिली मासळी आली तेव्हा सुरमईचा तुकडा हातात धरून ती रडली होती. आम्ही हसलो होतो.

दिवाळीच्या सुमारास हितेशचा फोन आला. आवाजात थट्टा नव्हती.

“आत्याच्या छातीत गाठ हाय. माणगावच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर हाय.”

“मग? ऑपरेशन कधी?”

“न्हाय जात ती.”

“न्हाय जात म्हणजे काय? घाबरते काय?”

“घाबरत न्हाय,” तो म्हणाला. “तुज्या मोटारीचा वाटा यायचा हाय म्हनते.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गाठ तिला सत्काराच्या आधीपासून हाताला लागत होती, हे हितेशने सांगितलं. म्हणजे ती उठून ओरडली तेव्हा गंमत करत नव्हती. अख्ख्या वाड्यात ती एकटीच त्या दिवशी खरं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. आत्या अंगणात सुपात जवळा निवडत बसलेली. चेहरा उतरला होता, पण मला बघून खुलली.

“आली माजी मोटारवाली! बस. चाय ठेवते.”

“चहा नको. आत्ये, तू इस्पितळात का जात नाहीस?”

“कशाला? तुजा औषद येतंय ना.”

“तोवर तिथलं घे.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवळात चपला घालून शिरले. “दुसऱ्याचा कसा घेऊ? पयला वाटा बोललीस ना मना? मी दुसऱ्याचा घेतला तर तुजी होडी रिकामी येल. इतकी वर्सा शिकलीस, डोल्यांचा चष्मा झाला, ता सगला माज्या एका गाठीपायी बुडवू काय? न्हाय बाय. मी थांबते. तू घाई करू नको.”

तू घाई करू नको! मला ओरडावंसं वाटलं. कालपासून मी समजत होते की आत्या माझ्यावर भरवसा ठेवून बसलीय, तिला माझं औषध हवंय. तसं नव्हतंच. ती माझी राखण करत बसली होती.

“आत्ये, ऐक. ती मोटार औषध नाही.”

“आज न्हाय. व्हईल.”

“वीस वर्षं लागतील. कदाचित कधीच होणार नाही.”

तिचे हात थांबले. “मंग पेपरात कोनी सांगितला? माइकवर कोन बोलली? देवीच्या फोटोसमोर हुबी राहून खोटा बोललीस काय तू?”

एका अक्षराचं उत्तर होतं. हो. हो आत्ये, खोटं बोलले, टाळ्या हव्या होत्या म्हणून बोलले. एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या दिल्या असत्या. फार तर हातातलं सूप फेकून मारलं असतं. पण जिभेला काय झालं कोणास ठाऊक. मी म्हणाले, “खोटं नाही गं... म्हणजे अगदी तसं नाही... तत्त्वतः बघायला गेलं तर...”

आत्या खुदकन हसली. “बग! फसवायला आली मना. मी इस्पितळात जावा म्हनून माजा वाटा काडून घेते. लई माया हाय पोरीला.” आणि तिने माझ्या गालावरून जवळ्याच्या वासाचा हात फिरवला.

त्या हाताखाली मी मेले, असं म्हणतात ना, तसं झालं. मी उठले आणि जेट्टीकडे गेले. तिथे हितेश जाळं शिवत होता. मी त्याच्यावरच राग काढला. घरात बाई मरायला टेकलीय आणि तू भोकं बुजवत बसलायस, उचलून का नेत नाहीस, असं काय काय. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“उचलून नेली, तर सुई टोचू देल काय?” तो म्हणाला. “डॉक्टर म्हनतो, आता थांबला तर हाताबाहेर जाईल. बडबड नको करू प्राप्ते. तुला वाटा कवा सुटतो ता ठाव हाय ना?”

मला ठाऊक होतं. होडी मोडली, की बोललेला वाटा सुटतो. मग त्या घराने कोणाचीही मासळी आणावी.

“जाऊन सांग, मोटार मोडली,” हितेश म्हणाला.

“हे खोटं झालं.”

हितेशने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “आता तुला खऱ्याचा पुलका आला काय?” तो म्हणाला आणि परत जाळ्याकडे वळला.

मला लगेच जमलं नाही. प्रयोग लावलेला होता, म्हणून मी नवी मुंबईला परतले. तेही निमित्तच म्हणा. आणि नशिबाची चेष्टा बघा, त्याच आठवड्यात आमचं कडं पडद्यात बसलं. इतके दिवस तिरकं बसायचं, गळायचं, पडदा फाटायचा. आता सरळ बसलं. संगणकावर प्रवाहाची रेघ संथ चालली होती, आम्ही डीएनएचे तुकडे सोडले, आणि रेघ एकेक पायरी खाली उतरून वर यायला लागली. दरवेळी एक तुकडा त्या भोकातून पार होत होता. ऋत्विक, माझ्याबरोबर काम करणारा, अक्षरशः नाचला. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, स्वतः पेढे घेऊन आले. मी पेढा तोंडात टाकला, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय.

त्या शनिवारी मी परत गेले. वाटेत वाक्य घोकत होते. आत्या घरात होती, भिंतीला टेकून बसलेली, एक हात छातीपाशी. हितेश माझ्या मागून येऊन उंबऱ्यात उभा राहिला.

“आत्ये,” मी म्हणाले, “मोटार मोडली.”

“म्हंजी?”

“सगळं बुडालं. बंद झालं काम. आता काही येणार नाही. वाटा सुटला तुझा.”

मला वाटलं होतं ती विचारेल, कशी मोडली, कोणी मोडली. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती. पण तिचा चेहरा बघता बघता पांढरा पडला आणि तिने तोंडावर हात मारून घेतला.

“माज्यामुला,” ती म्हणाली.

“काय?”

“माज्यामुला बुडाली गो! मी घेतल्या गोल्या.” ती आता मोठ्याने रडायला लागली. “तल्याच्या मेडिकलातून. दुखत होता गो, लई दुखत होता, रातच्याला कूस बदलता येत न्हवती. म्हटला, दुखन्याची तर गोली हाय, गाठीची न्हाय, ही काय मोजायची? चोरून घेतल्या. हितेशला पन न्हाय सांगितला. मना वाटला कोनाला कलनार? तुजी होडी खाल्ली मी, बाय. तुज्या इतक्या वर्सांची होडी खाल्ली.”

मी तिच्यापुढे बसले होते. मागे उंबऱ्यात हितेश. एक साधी दुखण्याची गोळी, जी लोक डोकं दुखलं तरी घेतात, ती या बाईने चोरासारखी घेतली होती, आणि माझ्या खोट्याने तिचं पाप तिच्या पदरात टाकलं होतं. मी तोंड उघडलं. सांगणारच होते. आत्ये, काही बुडालं नाही, उलट आत्ता कुठे चालायला लागलंय, तू काही केलं नाहीस, मीच केलंय.

तेवढ्यात हितेश बोलला. “आत्ये, झाला ता झाला. आता उद्या इस्पितलात जाऊ.”

आत्याने पदराने नाक पुसलं. “चल,” ती म्हणाली. “आता राखायचा काय ऱ्हायलाय?”

मी तोंड मिटलं. ती यायला तयार झाली होती. त्यासाठीच तर आले होते ना मी? हितेश सामान भरायला गेला, आणि आत्या उठून आतून मला पाणी घेऊन आली. नुकसान झालेल्या घरी आपण आधी पाणी देतो, तसं तिने मला पाणी दिलं. मी प्यायले.

नवी मुंबईच्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. गाठ वाढली होती, काखेतही उतरली होती. डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती. म्हणाली, ऑपरेशन करू, नंतर केमो देऊ, आशा आहे, पण लवकर आला असतात तर सोपं गेलं असतं. मग तिने आत्यालाच विचारलं, “आजी, एवढे दिवस का थांबलात?”

आत्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “माजाच आलस,” ती म्हणाली. “कामाच्या रगाड्यात ऱ्हायला.”

जन्मात कधी आळस न केलेली बाई. मी कोपऱ्यात उभी होते. डॉक्टरीण मला म्हणाली, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी मागे लागायचं. मी मान हलवली.

ऑपरेशनच्या सकाळी तिला हिरवा झगा घातला, बांगड्या काढल्या, केस टोपीत कोंबले. तो एवढासा चेहरा मी कधी बघितला नव्हता. स्ट्रेचर दारापाशी आलं. न्यायला आलेला माणूस म्हणाला, काय बोलायचं ते पटकन बोलून घ्या. आत्याने माझं मनगट धरलं.

“बाय, मना माफ कर.”

“अगं माफीचं काय त्यात? जा तू, सगळं ठीक होईल.”

“तसा न्हाय.” पकड घट्ट झाली. “आत काय होईल ता देवीला ठाव. होडी खाल्ल्याचा पाप घेऊन मना जायचा न्हाय. तोंडानं बोल. माफ केला असा बोल, मंग मी जाते.”

हितेश भिंतीकडे बघत होता. तो माणूस घड्याळाकडे. मी मनात म्हटलं, आता खरं सांगितलं तर ही स्ट्रेचरवरून उतरून घरी चालायला लागेल, म्हणेल, होडी हाय ना, मग वाट बघते. म्हणून गप्प राहायचं. असं मी स्वतःला सांगितलं. पण खोटं कशाला बोलू? ती उतरली नसती. वाटा गेला तर गेला, एक थोबाडीत मारली असती आणि हलकी होऊन आत गेली असती. मला तिची भीती नव्हती. त्या परक्या माणसासमोर, हितेशसमोर, आत्यासमोर, मी टाळ्यांसाठी खोटं बोलले हे तोंडाने म्हणायची मला लाज वाटत होती. तेवढंच होतं.

“बोल गो.”

“माफ केलं, आत्ये,” मी म्हणाले.

तिने माझं मनगट सोडलं. आडव्या आडव्याच दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले आणि मला, तिने वेण्या घातलेल्या पोरीला, नमस्कार केला. मग त्यांनी स्ट्रेचर आत नेलं.